ज्याचा डबा त्याला

दिवाळी संपून आठवडा होत आला, तरी किशोर खांबेट्यांच्या घरात "जेवायला काय आहे?" या प्रश्नाचं उत्तर "चिवडा" असंच येत होतं. सकाळी चहाबरोबर चिवडा, दुपारी दह्यात कालवून चिवडा, आणि संध्याकाळी त्याची बायको दीपाली इतकी दमलेली असायची की नुसताच चिवडा. घरात भाजी नव्हती असं कोणी म्हणू नये. फ्रीजमध्ये दोडका होता. पण त्याच्यापर्यंत पोचायचं तर आधी लाडवांचं पातेलं, उरलेल्या पाकाची कढई आणि सासूबाईंनी कराडहून बांधून दिलेलं तूप बाहेर काढावं लागे, आणि ते ठेवायला ओट्यावर जागा नव्हती. ओट्यावर शेजारपाजारचे फराळाचे डबे होते. त्या डब्यांवर आणखी डबे होते. गॅस पेटवायचा तर हात वाकडा करून भिंतीच्या बाजूनं आत घालावा लागायचा.

अमोघनं, म्हणजे त्यांच्या चिरंजीवांनी, रोज शाळेच्या डब्यात शंकरपाळे न्यायला सुरुवात केली तेव्हा वर्गशिक्षिकेचा निरोप आला की मुलाला कृपया पोळीभाजी द्यावी. दीपाली स्वतः मारुंजीला एका शाळेत शिक्षिका. हाच निरोप ती दर दिवाळीनंतर दुसऱ्यांच्या आयांना पाठवत आली होती. तो स्वतःच्या नावावर आलेला बघून तिला रडूच यायचं बाकी राहिलं. तिनं तशीच नवऱ्याला हाक मारली आणि ओट्यासमोर उभं केलं.

"माझी शाळा सुरू झाली. रविवारी मतदार याद्यांचं काम लावलंय," ती म्हणाली. "तू हिंजवडीत बसून अख्ख्या कंपनीला शिस्त लावतोस ना? मग हा ओटा लावून दाखव."

हे किशोरला चांगलंच झोंबलं. कंपनीत त्याचं काम लोकांना त्यांचं काम कसं करावं हे सांगण्याचं होतं. ते काम त्याला स्वतःला येत नसे, पण ते कमी वेळात कसं होईल याचे बाण काढून तो फार सुरेख दाखवी. कंपनीत त्याला मान होता. चांदे गावात मात्र राहायला आल्या दिवसापासून तो "बाईंचं मिस्टर" होता. किराणावाला, दूधवाला, पिठाची गिरणी, सगळीकडे तो गेला की लोक त्याच्या खांद्यावरून मागं बघत आणि विचारत, "बाई न्हाई आल्या का?" ही जखम जुनी होती. ओट्याच्या निमित्तानं ती एकदाची भरून काढायची असं त्यानं ठरवलं.

सगळ्यात आधी त्यानं आठवड्याच्या जेवणाचा तक्ता केला. सोमवारी मुगाची उसळ, मंगळवारी पालक, असं रंग देत देत तो शुक्रवारच्या वरणफळांपर्यंत आला. तक्ता फ्रीजला चिकटवून त्यानं लांबून पाहिला. देखणा झाला होता. यातलं काही शिजवायचं तर ओटा मोकळा हवा, ओटा मोकळा करायचा तर डबे गेले पाहिजेत, आणि डबे जायचे तर ते कुणाचे हे कळलं पाहिजे, इथपर्यंत त्याचा विचार अगदी बिनचूक होता. रविवारी दीपाली बाहेर पडताना चपला घालत म्हणाली, "ज्याचे डबे त्याला देऊन टाक. आणि रिकामे देऊ नकोस हं, बरं दिसत नाही." एवढ्या सूचनेवर त्यानं कामाला हात घातला.

आता इथं एक गोष्ट सांगायला हवी. किशोरच्या लहानपणी पुण्यात त्याच्या आईनं घरातल्या परातीपासून पळीपर्यंत सगळ्या भांड्यांवर त्याच्या वडिलांचं नाव घालून घेतलं होतं. चमच्यांवरसुद्धा होतं. चमच्यावर जागा कमी म्हणून नुसतं "य. ग." मावलं होतं. शेजारी गेलेलं भांडं वाट चुकू नये, हा त्यामागचा हेतू. त्यामुळे भांड्यावर नाव असतं ते मालकाचं, याबद्दल किशोरच्या मनात कधी शंकाच आली नाही. लग्नात भेट देणारा माणूसही भांड्यावर स्वतःचंच नाव घालून देतो, आणि तेही चांगलं ठळक घालतो, हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. त्याच्या स्वतःच्या लग्नात सगळ्यांनी पाकिटं दिली होती.

खांबेटे राहायचे कुशाबा रानवड्यांच्या बंगल्यात, वरच्या मजल्यावर. खाली कुशाबा, त्यांची बायको रत्नाबाई आणि मुलगी गौतमी. गौतमीचं लग्न ठरलं होतं, तुळशीचं लग्न झालं की पहिलाच मुहूर्त धरला होता. भाऊबिजेला रत्नाबाईंचे थोरले भाऊ हैबतराव कोळवणहून आले, येताना त्यांच्या बायकोनं, गोजराबाईंनी, स्वतः केलेले अनारसे घेऊन आले. त्यातले थोडे रत्नाबाईंनी एका कडीच्या डब्यात घालून वर खांबेट्यांना दिले. तो डबा रत्नाबाईंच्या लग्नात हैबतरावांनीच दिलेला. झाकणावर नाव होतं, "हैबतराव बाळोबा टेमघरे, मु. पो. कोळवण". त्याखालची "यांजकडून चि. सौ. कां. रत्ना हिस सप्रेम भेट" ही ओळ मात्र इतक्या वर्षांच्या घासण्यानं साफ गेली होती.

किशोरनं डबा खिडकीशी नेऊन नाव वाचलं. डबा कोळवणच्या माणसाचा आणि अडकलाय आपल्या ओट्यावर! बिचाऱ्याची दिवाळी डब्यावाचून गेली असेल, असं त्याला वाटलं. डबा रिकामा द्यायचा नव्हता, आणि अनारसे त्याच्या घरात कोणी खात नव्हतं, म्हणून ते त्यानं होते तसेच आत राहू दिले. एका फेरीत दोन कामं झाली याचं त्याला फार समाधान वाटलं. गाडी काढून तो कोळवणला निघाला.

कोळवणच्या खोऱ्यात भाताची झोडणी चालली होती. हैबतराव खळ्यावर बसले होते. किशोर गाडीतून उतरला तसे ते डोळ्यांवर हात धरून म्हणाले, "कोन? रत्नीच्या माडीवं ऱ्हानारं का? बाईंचं मिस्टर?"

म्हणजे कीर्ती इथपर्यंत पोचली होती. किशोरनं ते गिळलं आणि डबा पुढं केला. "हा तुमचा डबा. परत द्यायला आलोय."

हैबतरावांनी डबा मांडीवर घेतला. नावावरून अंगठा फिरवला. झाकण काढलं, एक अनारसा उचलला, उलटासुलटा करून पाहिला आणि घराकडं तोंड करून हाक मारली, "गोजरा, हितं ये जरा. ह्ये तुझंच हायती का बघ."

गोजराबाई पदराला हात पुसत आल्या. आपल्या हातचा अनारसा कोणती बाई विसरेल? "माझंच हायती," त्या म्हणाल्या, आणि त्यांचा चेहरा उतरला.

"आन् काय सांगून धाडलंय आमच्या दाजींनी?"

"काही नाही हो," किशोर मोकळ्या मनानं म्हणाला. "मीच म्हटलं, घरात उगाच दुसऱ्याचं सामान किती दिवस ठेवायचं? ज्याचं त्याला दिलं की मोकळं वाटतं. अजून काही तुमचं निघालं तर तेही आणून देईन, संकोच करू नका."

हैबतरावांनी झाकण दाबून बसवलं. बहिणीनं लग्नातली भेट परत धाडली, त्यात भाऊबिजेचे अनारसे घालून धाडली, आणि तेही भाडेकरूच्या हातून. मुलीचं लग्न तोंडावर असताना! याहून स्पष्ट नातं तोडता येत नाही. पण दारात आलेल्या माणसाला चहा दिल्याशिवाय ते सोडणारे नव्हते. "च्या टाक," ते बायकोला म्हणाले. "आन् दाजींचं काय काय हाय आपल्याकडं, त्ये बी काढ."

किशोर चहा पीत होता तोवर त्याच्या गाडीत एक भिंतीवरचं घड्याळ, एक पितळी घंगाळ आणि एक घोंगडी येऊन पडली. मग हैबतरावांनी गोठ्यातून एक काळी शेळी ओढत आणली. "दाजींनी दिल्याली शेळी मागंच मेली," ते म्हणाले. "ही तिची नात हाय. पर आमाला बी कुनाचं ठिवायचं न्हाई."

किशोरला गहिवरून आलं. साधा डबा आणून दिला तर माणसं घड्याळ देतात, घंगाळ देतात, घरची शेळी देतात! शहरात कोणी रिकामी पिशवी परत देत नाही. शेळी नको म्हणावं तर त्यांचं मन मोडेल, म्हणून त्यानं ती मागच्या सीटवर घोंगडी अंथरून घेतली. पौडपर्यंत ती गप्प होती. पौडच्या पुढं तिनं त्याच्या खांद्यावर हनुवटी ठेवली आणि घरापर्यंत ती तशीच ठेवली. "गावाकडची माणुसकी" असं लिहून त्यानं दोघांचा फोटो मोबाइलच्या स्टेटसला लावला.

बंगल्याच्या दारात रत्नाबाई तांदूळ निवडत होत्या. गाडीतून घड्याळ निघालं तेव्हा त्यांनी सूप खाली ठेवलं. "अगं बया, ह्ये तर दादाच्या घरभरनीला आमी दिल्यालं," त्या म्हणाल्या. घंगाळ निघालं तेव्हा त्या उठून उभ्या राहिल्या. शेळी निघाली तेव्हा त्यांनी नवऱ्याला हाक मारली. किशोरनं झाला प्रकार उत्साहानं सांगायला घेतला आणि सांगता सांगता त्याचा आवाज बारीक होत गेला, कारण रत्नाबाई पायरीवर बसून रडायला लागल्या होत्या.

"भाऊ, माझी चूक झाली," किशोर कुशाबांना म्हणाला. "मला वाटलं नाव असतं ते मालकाचं."

"तुमी डबा दिला तो चुकून दिला, त्ये कळलं मला," कुशाबा म्हणाले. "पर त्यानं शेळी धाडली ती काय चुकून धाडली का? इचारायचं तरी एकदा! फोन करायचा! पाव्हण्याला एवढीच घाई झाली व्हती का आमाला तोडायची?"

रत्नाबाईंनी भावाला फोन लावला. पलीकडून "डबा पोचला" एवढं ऐकू आलं आणि फोन बंद झाला. कुशाबांनी मग मागंपुढं पाहिलं नाही. त्यांनी मेव्हण्यानं दिलेली एकूण एक वस्तू घराबाहेर काढायला घेतली. आणि रत्नाबाई एकुलती बहीण, हैबतराव हौशी माणूस. पिंप निघालं, परात निघाली, पोळपाट, पातेल्यांची उतरंड, मिक्सर, फळीवरचे सगळे डबे, शेवटी गोदरेजसारखं दिसणारं लोखंडी कपाट निघालं. हे सगळं गेलं कुठं? वर, खांबेट्यांच्या स्वयंपाकघरात. "माझ्या छपराखाली नको," कुशाबा म्हणाले. वरचा मजलाही त्यांच्याच छपराखाली येतो हे किशोरच्या ओठांवर आलं होतं, पण तो दिवस बोलण्याचा नव्हता. "तुमीच न्हेता-आणता, तवा तुमीच न्हेऊन टाका."

दीपाली संध्याकाळी घरी आली. दार अर्धंच उघडलं, कारण मागं कपाट होतं. ती आडवी होऊन आत शिरली. ओटा कुठं आहे हे तिला अंदाजानं ओळखावं लागलं. बाल्कनीत एक काळी शेळी उभी होती आणि जेवणाच्या तक्त्यातला गुरुवार चघळत होती. बाकीचा आठवडा तिनं आधीच संपवला होता.

"मी फक्त डबे परत द्यायला सांगितले होते," दीपाली म्हणाली.

"एकच दिला," किशोर म्हणाला.

दुसऱ्या दिवसापासून नवीनच पंचाईत उभी राहिली. रत्नाबाईंची सगळी भांडी वर होती, तेव्हा स्वयंपाक करायला त्या वर येऊ लागल्या. चार पातेली बाजूला सारून त्या एका कोपऱ्यात दोन्ही घरांच्या भाकऱ्या थापायच्या आणि डोळे पुसायच्या. जेवायला कुशाबा वर यायचे, पण मेव्हण्याच्या ताटात जेवणार नाही म्हणून खांबेट्यांचं ताट घ्यायचे. ताटं तीनच होती. मग किशोर झाकणात जेवायचा. अमोघच्या डब्यात आता बाजरीची भाकरी आणि ठेचा जाऊ लागला आणि शाळेतून निरोप येणं बंद झालं, एवढाच काय तो फायदा.

बातमी गावभर झाली आणि सल्ले द्यायला माणसं जिना चढू लागली. कोणी म्हणालं, शेळी गुपचूप कोळवणच्या शिवेवर सोडून या, जाईल ती आपल्या गोठ्यात. कोणी म्हणालं, तिला परत नेलीत तर दुप्पट अपमान होईल, त्यापेक्षा तिचं दूध काढा. सगळ्यांत शेवटी तानाजीराव आले. गावात तंटामुक्ती समिती जोरात होती तेव्हा ते तिचे अध्यक्ष होते. पद गेलं होतं, पण तंटा दिसला की त्यांचा हात आपोआप खिशातल्या पेनाकडं जायचा.

त्यांनी आधी पंचनामा केला. मग हद्दीचा प्रश्न काढला. "डबा चांद्याचा, शेळी कोळवणची," ते म्हणाले. "मग तंटा घडला कुटं?" बराच विचार करून त्यांनी ठरवलं की तंटा किशोरच्या गाडीत घडला. गाडीला गाव नसतं, म्हणून दोन्ही गावांची संमती लागेल. "आन् निकाल लागस्तोवर ह्यातलं एकबी भांडं हालवायचं न्हाई," असं म्हणून त्यांनी कपाटापासून पिंपापर्यंत सुतळी गुंडाळली आणि गाठीवर सही केलेला कागद चिकटवला. ओट्याचा उरलेला तुकडाही सुतळीच्या पलीकडं गेला. शेळीवर कागद चिकटवला तो तिनं खाल्ला.

अशात एके दिवशी गौतमी वर आली. ती एरवी बडबडी पोरगी. सुतळी ओलांडून ती दाराशी उभी राहिली आणि पायाच्या अंगठ्यानं फरशी खरवडत राहिली.

"काका, मला कुणावर रागवायचं न्हाई," ती म्हणाली. "पर लग्नात मामा मागं उभा ऱ्हातो. मी लहान असल्यापासून मामा म्हनतो, गवते, तुझ्या मागं मी असा उभा ऱ्हातो का न्हाई बघ, फेटा बांधून. आता बाबा म्हंत्यात, चुलतमामा उभा करू. मला चुलतमामा नगं. माजा मामा तेवढा मला आनून द्या."

एवढं बोलून ती खाली पळाली. किशोरनं त्या दिवशी भाकरी तशीच झाकणात ठेवली. आपण एका पोरीचं लग्न नासवलं, या विचारानं त्याला खरोखर आजारी वाटायला लागलं. तो तसाच उठला आणि एकटा कोळवणला गेला.

त्यानं हैबतरावांना सगळं सांगितलं. आईची भांडी सांगितली, वडिलांचं नाव सांगितलं, चमचेसुद्धा सांगितले. हैबतरावांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"तुमी शिकल्यालं," ते म्हणाले. "कंपनीत हाय. बाईंसारखी शहाणी बायकू तुमाला दिली तिच्या बापानं. आन् तुमी म्हंता, भांड्यावरचं नाव म्हंजी मालक? पाव्हनं, येवढं येडं मानूस नसतं. दाजींनी शिकवून धाडलंय तुमाला."

"नाही हो, मी खरंच—"

"उगं त्यांच्यासाठी सोताला कमी घिऊ नगा. तुमी चांगलं मानूस हाय."

आयुष्यात पहिल्यांदा मुळशी तालुक्यात कोणी किशोरला शहाणा म्हणत होतं, आणि नेमकं तेच त्याला नको होतं. परत येताना त्याला गाडी चालवता चालवता उमगलं की आता एकच उपाय उरला आहे. आपण खरोखर एवढे मूर्ख आहोत हे चार माणसांत सिद्ध करायचं.

तानाजीरावांना ही कल्पना पसंत पडली. अडचण एवढीच होती की हैबतराव कुशाबांच्या घरात पाऊल टाकणार नव्हते. त्यावर तानाजीरावांनी तोड काढली. वरचा मजला भाड्यानं दिलेला, भाडं चालू तोवर जागा भाडेकरूची, तेव्हा जिना बाहेरून असल्यामुळे हैबतराव कुशाबांच्या घरात न येता वर येऊ शकत होते. हैबतरावांनी जिन्याची खात्री करून घेतली आणि रविवारी ते आले. बरोबर गोजराबाई होत्या. या बंगल्यातलं पाणीही प्यायचं नाही म्हणून त्यांनी स्वतःचा पितळी तांब्या घरून भरून आणला होता.

खांबेट्यांच्या घरात बसायला जागा नव्हती. हैबतराव पिंपाला टेकून बसले, कुशाबा कपाटाला. मध्ये सुतळी. रत्नाबाई आणि गौतमी दाराशी उभ्या राहिल्या. भावानं बहिणीकडं पाहिलं नाही.

"बोला," तानाजीराव किशोरला म्हणाले.

किशोर उभा राहिला. कंपनीत तो शंभर लोकांसमोर बोलत असे, पण तिथं त्याला आपण किती हुशार आहोत हे सांगायचं असायचं. इथं नेमकं उलटं सांगायचं होतं. पण गौतमी बघत होती. तेव्हा त्या रविवारची जी गोष्ट त्यानं दीपालीलासुद्धा सांगितली नव्हती, आणि म्हणून आपणही अजून सांगितलेली नाही, ती त्यानं सांगायला घेतली.

कोळवणला जायच्या आधी सकाळी तो आणखी एक डबा परत करायला निघाला होता. त्यावर नाव होतं नथू शेडगे. देवळाच्या कट्ट्यावर बसलेल्या म्हाताऱ्यांना त्यानं विचारलं, नथू शेडगे कुठं भेटतील? म्हाताऱ्यांनी एकमेकांकडं पाहिलं. एक जण म्हणाला, "आत्ता न्हाई भेटायचं." मग किशोरनं विचारलं, संध्याकाळी भेटतील का? तर म्हातारा म्हणाला, "तुमी घाई करू नगा. व्हईल भेट, सगळ्यांचीच व्हती." तेव्हा किशोरनं नीट बघितलं. कडीच्या मागं "कै." होतं. पुढं "यांच्या स्मरणार्थ" होतं. तेराव्याला वाटलेला डबा होता तो.

कोणी हसलं नाही. दीपालीनं कपाळाला हात लावला.

"म्हंजी," हैबतराव सावकाश म्हणाले, "सकाळी ह्ये कळलं व्हतं तुमाला. आन् दुपारी तुमी माज्याकडं आला?"

"मला वाटलं, तो एकच डबा तसा असेल."

हैबतराव विचारात पडले. माणूस खरं बोलतोय की पाठ करून आलाय, हे त्यांना ठरवता येईना. त्यांनी शेजारचा तांब्या उचलला, त्यातलं पाणी वरून घटाघट घशात ओतलं, तोंड पुसलं आणि तांब्या किशोरच्या हातात दिला. त्यावर कोरलेलं होतं, "हैबतराव बाळोबा टेमघरे". बाकी एक अक्षर नव्हतं.

"ह्यो तांब्या कुनाचा? सांगा."

किशोरनं तांब्या फिरवून पाहिला. आता मात्र चुकायचं नाही, असं त्यानं मनाशी पक्कं केलं. गेल्या काही दिवसांत त्यानं या विषयाचा अभ्यास केला होता. गावात भांड्यावर नाव असतं ते देणाऱ्याचं असतं, हे तो पुरतं शिकला होता. कधी नव्हे ते आपण बरोबर उत्तर देणार आहोत, या आनंदात तो ताठ उभा राहिला.

"हा तुमचा नाही," तो म्हणाला. "हा तुम्ही कोणाला तरी लग्नात दिलेला आहे."

"आरं, मी आत्ता त्यातनं पानी प्यालो न्हवं?" हैबतराव ओरडले. "घरनं मी घिऊन आलोय त्यो! माजा हाय! माज्या हातानं नाव घालून घेतलंय!"

"तुमचा?" किशोर म्हणाला. "मग नाव तुमचं कसं?"

पहिल्यांदा गोजराबाईंना फुटलं. त्यांनी पदराचा बोळा तोंडात कोंबला, पण उपयोग झाला नाही. मग तानाजीराव. मग कपाटाला टेकलेले कुशाबा असे हसायला लागले की कपाटाची दारं वाजू लागली. हैबतराव मात्र किशोरच्या तोंडाकडं टक लावून बघत होते. त्या तोंडावर नाटकाचा लवलेश नव्हता. तो अजून खरंच विचार करत होता.

"न्हाई," हैबतराव शेवटी म्हणाले, आणि त्यांचा आवाज एकदम मऊ झाला. "ह्यो मानूस खोटं बोलत न्हाई. ह्यो खरंच तसला हाय." त्यांनी सुतळी हातानं खाली दाबली आणि कुशाबांसमोर येऊन उभे राहिले. "दाजी, इचारायला पायजे व्हतं मी. शेळी धाडली, चुकलं माजं."

"मी बी कपाट बाहीर काढलं," कुशाबा डोळे पुसत म्हणाले. हसून आलेलं पाणी कुठलं आणि दुसरं कुठलं, हे त्यांचं त्यांनाच कळत नव्हतं.

रत्नाबाईंनी पेलाभर पाणी आणलं. भावानं ते उभ्या उभ्या पिऊन टाकलं, तेव्हा कुठं बहीण त्याच्या गळ्यात पडून रडली. त्या दिवशी सगळे सुतळीच्या आतबाहेर, जागा मिळेल तिथं, एकत्र पिठलं-भाकरी जेवले. भांडी संध्याकाळपर्यंत खाली गेली. तानाजीरावांनी निकाल लिहून काढायचा आग्रह धरला, पण त्यात कारण काय लिहायचं यावर एकमत होईना म्हणून तो राहिला. शेळी गौतमीच्या आंदणात द्यायचं ठरलं. आणि ओटा मोकळा झाला. दीपालीनं तो पुसला, कढई ठेवली आणि दोडका शोधायला गेली, पण दोडक्याचा आता काही उपयोग नव्हता.

लग्न झालं. फेटा बांधून हैबतराव भाचीच्या मागं असे उभे राहिले की फोटोवाल्याला त्यांना जरा सरका म्हणायची हिंमत झाली नाही. मंगलाष्टकं संपेपर्यंत त्यांनी एकदाही पाय बदलला नाही. किशोर मांडवात एका बाजूला उभा होता. कोळवणच्या बायका लांबून त्याला बोट करून एकमेकींना दाखवत होत्या, पोरं जवळ येऊन बघून जात होती. लाऊडस्पीकरवर स्वागत करणाऱ्यानंही त्याचं नाव घेतलं, आणि नावामागं थोडी माहिती सांगितली. किशोरला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं वाटलं.

पाठवणीची वेळ आली. सगळा मांडव रडत होता. गौतमी आईच्या गळ्यात पडून रडली, बापाच्या गळ्यात पडून रडली, मामानं तर तिला सोडलंच नाही. रडून रडून तिला धाप लागली. गाडीत बसायच्या आधी ती शेजारच्यांना वाकून नमस्कार करत करत किशोरपाशी आली. वाकली, उठली आणि तिनं त्याच्याकडं पाहिलं.

आणि तिला हसू फुटलं. तिनं ओठ दाबले, पदर घेतला, पण ते आवरेना. तिला हसताना बघून मामाही डोळे पुसता पुसता हसायला लागला, मग रत्नाबाई, मग सगळा मांडव. गाडी सुटली तेव्हा काचेतून दिसेपर्यंत पोरगी हसत होती.

"अशी हसत गेलेली पोरगी मी तरी पहिल्यांदाच बघितली," दीपाली म्हणाली.

दिसेनाशी झालेल्या गाडीला किशोर अजून हात करत होता. त्याला जरासुद्धा राग आला नव्हता.